टेबल माझं होतं

वामन,

तुझ्यावर चार चांगले शब्द लिहून द्या, असं मला आतापर्यंत तिघांनी सांगितलं. तिघांनाही मी हो म्हटलं. चांगले शब्द माझ्याकडे आहेत, ते खरेही आहेत, पण ते आधी लिहिले तर पुढचं लिहायचा धीर राहणार नाही. म्हणून आधी घाण उपसतो.

सापगावला माझ्या ओटीवर तुझं चाक चाळीस मिनिटं फिरलं. तो दिवस तू अकरा वर्षं लोकांना सांगत राहिलास. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचास. वामन, ते चाक तुझ्या चुंबकांनी फिरलं नव्हतं. ते मी फिरवलं होतं. टेबलाच्या फळीला खालून खाच पाडून मी तिच्यात कॉइल बसवली होती, खाली बॅटरी टांगली होती आणि वरून जमिनीपर्यंत चादर सोडली होती. हे आता तू नसताना लिहितोय. तू होतास तेव्हा सांगायला रोज एक दिवस मिळत होता.

तू जळक्या मोटारीत नवी तार भरणारा माणूस. मुरबाडात तुझं दुकान म्हणजे पत्र्याखालची चार हात जागा, पण सिद्धगडच्या पायथ्यापासून इकडे शहापूरपर्यंत कुणाचा पंप जळाला की लोक म्हणायचे, वामनकडे टाक. झाकण उघडायच्या आधी तू नाक लावायचास आणि सांगायचास, "ही आतून नाय गेली, हिला पाण्याविना चालवलीय." शेतकरी मान खाली घालायचा. तारेचे वेढे तू तोंडाने मोजत नव्हतास. गिऱ्हाइकाशी गप्पा चालायच्या, वहिनींवर ओरडणं चालायचं, आणि बोटं आपली मोजत असायची. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रिशियनचा वर्ग घेतला, फळ्यावर वेढ्यांचं सूत्र लिहिलं, पण माझ्या हाताने भरलेली एकही मोटार तुझ्या मोटारीइतकी गार चालली नाही.

आणि आपली ओळख कशी झाली ते आठव. वर्कशॉपमधल्या लेथची मोटार तू भरून आणलीस, बसवलीस, आणि सवयीने लेथच्या अंगाला टेस्टर लावलास. दिवा लागला, म्हणजे लेथच्या अंगात करंट होता. अर्थिंगची तार पाइपात तुटली होती. अर्थिंग तपासल्याची सही रजिस्टरमध्ये माझी होती, आदल्याच आठवड्यातली. मी तपासलं नव्हतं, फक्त सही केली होती. दहा मिनिटांनी त्या लेथवर माझा वर्ग उभा राहणार होता. तू तार जोडलीस, हात पुसलेस आणि म्हणालास, "मास्तर, तार तुटलेली. जोडली. आता चहा सांगा." प्राचार्यांना सांगितलं नाहीस, नंतर कधी चेष्टेतसुद्धा काढलं नाहीस. माझी नोकरी राहिली ती तुझ्यामुळे. पण त्या दिवशी माझ्या सहीची किंमत तुला कळायला हवी होती रे. तू ती विसरलास, हीच तुझी चूक झाली.

चुंबकाचं वेड तुला एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून लागलं. परदेशातला कुणी माणूस, समोर टेबल, टेबलावर चुंबकं लावलेलं चाक, चाक आपोआप फिरतंय आणि बाजूला बल्ब पेटलाय. ना तार, ना बॅटरी. तू माझ्याकडे धावत आलास.

"मास्तर, याच्यात काय खोटं हाय ते सांगा."

"सगळंच," मी म्हटलं. "चुंबक येताना जेवढं ओढतं, तेवढंच जाताना मागे धरतं. हिशेब शून्य."

"मग स्पीकरातलं चुंबक वीस वर्षं झाली तरी थकत कसं नाय? काहीतरी ताकद रोज भरत असणार ना त्याच्यात?"

"माझ्या भिंतीतला खिळाही वीस वर्षं बाबांचा फोटो धरून आहे. त्याच्यात कोण ताकद भरतं? धरून ठेवणं म्हणजे काम करणं नव्हे."

तू म्हणालास, "धरून ठेवणं काम नाय? मग मास्तर, वीस वर्षं तुमीच उभे ऱ्हावा तो फोटो हातात धरून, नी मग सांगा काम नाय म्हणून."

वहिनी इतक्या हसल्या की हातातलं सूप खाली ठेवावं लागलं. मला उत्तर येत होतं, पुस्तकातलं. पण तुझ्या तोंडावर फेकता येईल असं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही आणि नंतरही सुचलं नाही. हा वाद आपण अर्धाच ठेवला. तो पुरा करायला मी परत परत तुझ्याकडे यायला हवं होतं. मी सोपा रस्ता धरला.

मग तुला तुझ्यासारखे भेटले. आसनगावचे देसले हे त्यांचे पुढारी. मुंबईत कारकुनी करून निवृत्त झालेले, गळ्यात मोबाइल अडकवलेला, प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढणारे. दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी हे लोक जमायचे, आपापली चाकं पिशवीतून, खोक्यातून, पोरांच्या जुन्या कपड्यांत गुंडाळून आणायचे. तू मला दोनदा घेऊन गेलास. एकाचंही चाक फिरत नव्हतं. पण "फिरत नाही" हा शब्द तिथे कुणी काढायचा नाही. "आज सेटिंग नाय" असं म्हणायचं. सगळे मान डोलावून म्हणायचे, हो, हवेत ओल आहे, सेटिंग हललं. आणि दुसरा नियम असा, की दुसऱ्याच्या यंत्राखाली वाकून बघायचं नाही. प्रत्येकाचं काहीतरी गुपित असतं म्हणे, त्याला मान द्यायचा. मग बटाटेवडा. मग एखादा खालच्या आवाजात सांगणार, की अमुक गावच्या माणसाचं फिरलं होतं, पण कंपन्यांनी त्याला गप्प केलं.

मला शिसारी आली. चांगली शिकलेली, पेन्शन घेणारी माणसं, आणि एकमेकांना खोट्याचे घास भरवत होती. जगातल्या सगळ्या कंपन्यांना यांची धास्ती होती, आणि यांच्या चाकाला दोन फेऱ्यांच्या पुढे जाता येत नव्हतं. तू त्यांच्यात बसून हातातलं चाक उलटंपालटं करत होतास आणि खरंच विचार करत होतास. त्या खोलीत तेवढा एकटा तूच विचार करत होतास. ते पाहून मला तुझी कीव आली असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. कीव नव्हती ती. राग होता. माझा मित्र या लोकांच्या ओळीत बसतो म्हणून.

पुढची बैठक मी माझ्या घरी बोलावली, स्टेशनापासून यायला सोपं म्हणून. तुझं चाक आदल्या दिवशीच आणून ठेव म्हटलं. आडवं चाक, कडेला चोवीस चुंबकं, भोवती तिरकी बसवलेली आणखी बारा. काम सुबक होतं, बेअरिंग तर असं की फुंकर मारली तरी हलावं. मी त्याला बोटही लावलं नाही. माझं काम टेबलाखाली होतं. चुंबक वरून जवळ आलं की आपोआप लागणारा काचेचा बारीक स्विच, त्याला जोडलेली कॉइल, मोटारसायकलची बॅटरी. प्रत्येक चुंबकाला जाता जाता हलकासा धक्का. वर्गात हा प्रयोग मी पोरांना दर वर्षी करून दाखवत असे.

बेत असा होता. चाक दहा मिनिटं फिरू द्यायचं. देसले आणि मंडळी नाचली, रडली, कंपन्यांना शिव्या देऊन झाल्या, की चादर उचलायची आणि म्हणायचं, बघा, तुम्ही किती स्वस्तात विकले जाता. तुलाही त्याच वेळी शहाणं करायचं. एका दगडात सगळी पाखरं.

तू चाकाला हाताने पहिला फेरा दिलास. सगळे नेहमीप्रमाणे मनात मोजायला लागले. एक, दोन. चाक थांबलं नाही. पाच. दहा. देसल्यांनी मोबाइल चाकाच्या आणखी जवळ नेला. एक मिनिट झालं तेव्हा कुणीतरी "अरे" म्हणालं, एवढंच.  तू टोपी काढलीस, मागे सरकलास आणि भिंतीला टेकून खाली बसलास. वहिनी स्वयंपाकघरातून माझ्या बायकोला मदत करता करता बाहेर आल्या, पिठाचे हात तसेच. तू त्यांना म्हणालास, "गो, बघ. फिरतंय." आणि रडायला लागलास. तू रडतोस हे मला माहीत नव्हतं.

दहा मिनिटं होऊन गेली. माझा हात चादरीवर होता. पंधरा झाली, वीस झाली. मी स्वतःशी म्हणत होतो, आता नको, सगळ्यांसमोर नको, गेल्यावर एकट्याला सांगू. चाळीस मिनिटांनी तूच उठून तळव्याने चाक थांबवलंस, बेअरिंग तापेल म्हणून. स्वतःचं चाक थांबवताना तुझा हात इतका हळू होता.

देसल्यांनी वहीचा कागद फाडला. "आम्ही खाली सह्या करणारे" वगैरे लिहिलं. कुठूनही वीज न देता यंत्र चाळीस मिनिटं चाललं. "सर, पहिली सही तुमची. तुम्ही सरकारी आयटीआयचे." मी सही केली.  सही छान वळणदार आली, पेन्शनच्या दाखल्यावर येते तशी.

गेल्यावर तुला एकट्याला सांगणार होतो. तू चाक छातीशी धरून रिक्षात बसलास आणि मी हात हलवला.

पुढे तू दुकानाकडे बघेनासा झालास. जळक्या मोटारी दारात गंजत पडायच्या, आणि भाताला पाणी हवं म्हणून आलेला माणूस दोन खेपा घालून दुसरीकडे जायचा. मग पत्राच उतरवलास आणि गावाकडे घरामागे शेड घातलीस. माझी ओटी होती त्याच तोंडाची, उत्तर-दक्षिण, होकायंत्र लावून. त्या दिवशी जे जसं होतं ते तसं परत जमवायचं, हाच तुझा धंदा झाला. ओटीवर शेण सारवलेलं होतं, म्हणून शेडमध्ये शेण. तू शेडमध्ये लोखंड येऊ देईनास. खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या मारल्यास. वहिनी विळा कमरेला खोचून चहा घेऊन आल्या तर तू दारातूनच ओरडायचास. त्या म्हणायच्या, "भाऊजी, माझ्या केसातली पिनसुदा मोजतात हो हे. सवत बरी, ती निदान उंबऱ्याच्या आत घेते."

मी हसायचो. चहा घ्यायचो.

आणि मग तू टेबलावर आलास. येणारच होतास. सगळं करून झालं होतं, उरलं होतं ते टेबल. तू सापगावला आलास, ओटीवर बसलास आणि म्हणालास, "मास्तर, ते टेबल कशाचं होतं? ऐनाचं का सागाचं? मला वाटतं लाकडात काहीतरी गोम हाय. ते मला द्या. नायतर चाक घेऊन मीच हितं येतो."

वामन, तू अकरा वर्षांत गुपिताच्या सगळ्यात जवळ आला होतास तो त्या दुपारी. तुझ्या डोक्याने तू तिथवर पोचला होतास. कॉइल मी केव्हाच काढली होती, पण खाच तशीच होती. तुझ्यासारख्या माणसाने ती एकदा बोटाने चाचपली असती तर दुसऱ्या क्षणाला तुला सगळं कळलं असतं. मी म्हणालो, "ऐनाचं होतं, वाळवी लागली रे. फोडून चुलीत घातलं."

टेबल मागच्या पडवीत होतं. त्यावर कांद्याची गोणी होती. तुझ्यात आणि त्याच्यात एक भिंत होती.

तुला किती वाईट वाटलं! "मला सांगायचं तरी मास्तर. मी डोक्यावरून नेलं असतं." तू माझ्यावर रागावलाही नाहीस. परत जाताना म्हणालास, "जाऊ द्या, तुमाला काय ठाऊक." त्यानंतर तू ऐनाची सहा टेबलं केलीस.

मी का सांगितलं नाही, याची उत्तरं मी पुष्कळ तयार ठेवली होती. वामन खचेल. वामनचा जीव त्यात आहे. त्यातलं एकही खरं नाही. खरं कारण हे. निवृत्त झाल्यावर मला कुणी विचारत नव्हतं. त्या कागदानंतर देसले आणि मंडळी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायला लागली. बदलापूर, टिटवाळा, वासिंद. "चाळीस मिनिटं डोळ्यांनी पाहिलेले सर" अशी ओळख करून द्यायचे. शाल, नारळ. ज्या लोकांची मला शिसारी येत होती त्यांच्याच खुर्चीवर मी मधोमध बसलो. मीही कुणाच्या यंत्राखाली वाकून पाहिलं नाही. "फिरत नाही" असं म्हटलं नाही. एकदा एका बिचाऱ्याचं चाक अर्ध्या फेऱ्यात अडकलं तेव्हा, वामन, मी माझ्या तोंडाने म्हणालो, "आज सेटिंग नाय." नारळ घरी आणले, आमच्याकडे त्यांची चटणी झाली.

तुझा शेवटचा फोन महिन्यापूर्वीचा. दम लागत होता तुला. "मास्तर, कालच्यापेक्षा दीड फेरा जास्त घेतला." मी म्हटलं, "वा." तुझ्याशी मी बोललेला शेवटचा शब्द "वा" आहे. तीन दिवसांनी वहिनींचा फोन आला.

तेराव्याला देसले सात-आठ जणांना घेऊन तुझ्या घरी येणार, हे मला आदल्या दिवशी कळलं. शेडमध्ये तुझ्या फोटोला हार घालायचा, तुझी सगळी यंत्रं गावोगाव दाखवायला न्यायची, आणि मी साक्षीदार म्हणून बोलायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पहाटे उठून मी पडवीतली गोणी उतरवली. खाचेत नवी कॉइल आणि स्विच बसवला, खाली बॅटरी टांगली. टेम्पो सांगून टेबल तुझ्या गावाला आणलं. रस्ताभर ठरवत होतो की आधी वहिनींना एकटं गाठायचं, त्यांना सांगायचं, मग बाकीच्यांना. तेही केलं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "भाऊजी, हे कशाला आणलंत? बसायला चटया हायत." मी म्हटलं, लागेल.

देसल्यांनी वहिनींसमोर मोबाइल धरला होता. "वहिनी, त्यांना धमक्या येत होत्या का? फोन वगैरे? घाबरू नका, बोला."

"त्यांना कुणाची धमकी? मीच द्यायची. जेवायला या, नायतर कुत्र्याला घालते."

"तसं नव्हे, कंपन्यांकडून?"

"कंपनीचा माणूस एकदाच आला. मीटर बंद हाय म्हणून सांगायला."

कुणी हसलं नाही. देसल्यांनी मोबाइल बंद केला. हे त्यांच्या कामाचं नव्हतं.

मी टेबलावर तशीच जमिनीपर्यंत चादर सोडली, तुझं शेवटचं चाक उचलून वर ठेवलं आणि पहिला फेरा दिला. फिरलं. तुझ्या फोटोसमोर फिरत राहिलं. दोघांनी हात जोडले, एक जण जमिनीला टेकला. पाच मिनिटं झाल्यावर मी बोललो. स्पष्ट बोललो, वर्गात बोलतो तसं. म्हटलं, हे चाक आपोआप फिरत नाही, तेव्हाही फिरलं नव्हतं. हे टेबल त्याला फिरवतंय. वामनला हे ठाऊक नव्हतं. तो कागद खोटा आहे, सही माझी आहे. मग चाक उतरवलं आणि टेबल आडवं पाडलं. बॅटरी, कॉइल, स्विच, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर.

त्या वेळी मला वाटलं, संपलं. निदान हे एक तरी काम झालं.

पहिला बोलला तो देसल्यांबरोबर आलेला बदलापूरचा एक जण. वाकून बॅटरी बघितली आणि म्हणाला, "सर, पण एवढीशी बॅटरी, आणि एवढं मोठं चाक चाळीस मिनिटं? म्हणजे तुमची मदत दहा टक्के धरा. नव्वद टक्के चुंबकाचंच झालं की!"

"बरोबर," दुसरा म्हणाला. "सरांनी उगाच बॅटरी लावली. तसंही फिरलं असतं."

देसले माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेऊन गेले. अगदी हळू आवाजात, सांत्वनाला आल्यासारखे म्हणाले, "सर, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? नुसती मान हलवा."

चार दिवसांनी माझ्या पुतणीने मला व्हिडिओ दाखवला. तुझा हार घातलेला फोटो, समोर फिरणारं चाक, बाजूला मी हात जोडल्यासारखा उभा. माझा आवाज काढून तिथे बासरी घातली आहे. खाली लिहिलं आहे, थोर संशोधकाचं यंत्र त्यांच्या पश्चात पुन्हा फिरलं, ज्येष्ठ प्राध्यापकांची साक्ष. मला त्यांनी प्राध्यापक केलं, वामन. टेबल पाडल्याचं कुठे नाही. हजारो लोकांनी ते पाहिलं आहे आणि खाली हात जोडलेल्या खुणा टाकल्या आहेत. त्यातले काही उद्या चुंबकं आणायला जातील. त्यांच्याही घरात कुणीतरी पिन मोजेल.

तेराव्याच्या दिवसाचं एवढ्यावर संपत नाही. टेबल आडवं पडल्यावर वहिनी आत निघून गेल्या होत्या. मंडळी वाटाण्याची उसळ जेवली, निघून गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर नाही, जरा लांब बसल्या.

"अकरा वरसं तुमी माझ्या हातचा चहा पिलात," त्या म्हणाल्या.

त्या पुढे बोलत राहिल्या.

"ते रात-रात जागायचे. मी म्हणायची, नाय फिरत तर सोडा. ते म्हणायचे, मास्तरांनी सही केलीय गो, मास्तर खोटी सही करंल काय? माझं त्याच्यापुढं काय चालायचं?"

मी म्हटलं, वहिनी, मला माफ करा. हे शब्द तोंडातून निघाले तेव्हाच कळलं की ते किती उथळ आहेत.

"माफ करायचं ते नायत आता. मी कोण?" मग म्हणाल्या, "लिहा. तुमाला लिहिता येतं. झालं तसं लिहा, त्यांचं नाव घालून, तुमचं घालून. तो खोटा कागद लोकांकडं हाय, तसा हा पण जाऊ दे. छापायच्या आधी मला वाचून दाखवा. तवर हितं येऊ नका."

म्हणून हे लिहिलं. काल वाचून दाखवायला गेलो. चहा विचारला नाही, ते योग्यच झालं. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, मी अंगणात उभा राहून वाचलं. लोखंडाच्या पिनेचं आलं तेव्हा जरा हसल्या, फोनचं आलं तेव्हा पदर तोंडाला लावला. माझ्या शाली-नारळांबद्दल काही म्हणाल्या नाहीत. पूर्ण झालं तेव्हा म्हणाल्या, बाकी ऱ्हाऊ द्या, एक काढा.

मी तुला एका ठिकाणी भोळा म्हटलं होतं. "माझा भोळा मित्र", असं. लिहिताना मला ते प्रेमाचं वाटलं होतं.

"ते भोळे नव्हते," वहिनी म्हणाल्या. "भगताचं कधी ऐकलं नाय त्यांनी. पुढाऱ्याचं नाय, देसल्याचं नाय, माझं तर नायच. दुकानात कुणी खोटं बोलला तर मोटारीच्या वासावरून धरायचे. एकट्या तुमचं तपासत नव्हते."

मी खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर धरला आणि तो शब्द खोडला. बरोबर खोडला का ते त्यांनी जवळ येऊन पाहिलं, मगच आत गेल्या.